आज्जीचा गोषा आणि शेजारची पोर

हिजाबचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच सूर असतो. "तोंड झाकायचंच कशाला? बंदीच पाहिजे." मला तेव्हा आज्जी आठवते.

औरादजवळच्या आमच्या गावात, देशमुखांच्या वाड्यात गोषा होता. आता कुणी सांगत नाही ते. आज्जी माहेरी निघाली की दमणीला चारी बाजूंनी पडदा. सासरे ओसरीवर असले तर पाण्याचा तांब्यासुद्धा दाराआडून सरकवायची. हा गोषा काही सरकारी हुकमानं गेला नाही. आई सातवीपर्यंत शिकली, तिचा पदर डोक्यापर्यंतच राहिला. मी बसनं बीदरला कॉलेजला जायला लागले आणि तो खांद्यावर आला.

2022 साली उडुपीचं प्रकरण पेटलं. 5 फेब्रुवारीला गणवेशाचा सरकारी आदेश निघाला, 15 मार्चला हायकोर्टानं तो कायम केला. तिथं भांडण तोंड झाकण्याचं नव्हतंच बरं का, डोक्यावरच्या रुमालाचं होतं. आपण दोन्ही एकच धरून बोलतो. (आणि आपल्याच पोरी उन्हात स्कूटीवर डोळे सोडून सगळं तोंड ओढणीनं बांधतात, ते कुणाला खटकत नाही.)

शेजारच्या भाभींची पोर तेव्हा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. फाटकावर म्हणाले, रुमाल काढ. घरी बाप म्हणाला, काढायचा असेल तर जाऊ नको. ती घरी बसली, पुढच्या वर्षी लग्न झालं. जाताना अकाउंटन्सीची पुस्तकं माझ्याकडं आणून दिली. "मावशी, किसीकु होना तो दे देव."

मला बुरखा आवडत नाही. घरच्यांची जबरदस्ती असते, तेही खरं. परीक्षेला, बँकेत बाई कर्मचाऱ्यासमोर चेहरा दाखवावा, त्यात काही वावगं नाही. पण जिथं गेल्यावर पदर आपोआप मागं सरकतो, तिथलंच फाटक लावून काय साधलं? 13 ऑक्टोबर 2022 ला सुप्रीम कोर्टातही दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. हेमंत गुप्तांनी बंदी योग्य ठरवली. सुधांशू धुलियांनी मुलीचं शिक्षण आधी धरलं. मी धुलियांच्या बाजूची.

पुस्तकं अजून माझ्या कपाटात आहेत. कव्हरं तिनंच घातलेली, वर्तमानपत्राची.