डब्यातला कांदा परत नेऊ नका

गेल्या उन्हाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत इंटर्नशिप केली. सकाळी सातची पाळी. आई पहाटे उठून डबा करायची : ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा. आणि मी गेटबाहेर वडापाव हाणायचो. कॉलेजच्या पोरांसमोर भाकरी काढायची लाज वाटायची, खरं सांगतो. महिन्याभरात पोट कधी तीन दिवस गच्च, तर कधी सारखी पळापळ. मग डॉक्टरला न विचारता मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाल्लं. आणखीच वाट लागली.

लागणारच होती! मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू कामाला असतात. आपल्याला न पचणारा चोथा हा त्यांचा डबा. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. मी त्यांचा डबा बंद केला आणि वर अँटिबायोटिकनं त्यातले कितीतरी मारलेही.

त्यांच्या या खाण्याला प्रीबायोटिक म्हणतात. शब्द १९९५ चा, माल मात्र आजीच्या काळातला. कांदा-लसणातलं इन्युलिन, कडधान्यांतल्या न पचणाऱ्या साखरा, गार झालेल्या भातातला स्टार्च. (ताकातून जिवाणूच पोटात जातात. ती गोष्ट वेगळी, पण त्यांनाही खायला लागतंच की!) पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवलं, की भारतीयांच्या पोटात प्रिव्होटेला नावाचे जिवाणू भरपूर आहेत. धान्य-भाजी खाणाऱ्यांत सापडणारी ही जमात. म्हणजे आपली पोटं भाकरीवरच पोसलेली.

त्यामुळे रील बघून ‘गट हेल्थ’च्या महागड्या पुड्या मागवणारे मित्र बघितले, की हसू येतं. भावा, तुझ्या डब्यात काय आहे ते आधी उघडून बघ.

मात्र उद्यापासून वाटीभर कच्चा कांदा आणि दोन वाट्या उसळ, असंही करू नका. गॅस धरेल, शेजारचा मशीन सोडून पळेल. हळूहळू वाढवा, पाणी प्या. काहींना कांदा-लसूण मुळातच सोसत नाही. त्यांनी जबरदस्ती करू नये. शौचातून रक्त गेलं किंवा वजन उतरायला लागलं, तर थेट डॉक्टर गाठा.

माझं भांडण खरं तर कॅन्टीनशी आहे. वडा, भजी, सामोसा, पाव. आठ तास भट्टीजवळ उभं राहणाऱ्या पोरांना एक वाटी उसळ आणि ग्लासभर ताक देता येत नाही? फर्नेसवरचे मामा रोज बुक्कीनं कांदा फोडून भाकरीबरोबर खायचे. शेवटच्या आठवड्यात मी डबा घेऊन त्यांच्याच शेजारी बसायला लागलो.