पिकअपचे टायर, आणि कुठला बर्फ?

ऑक्टोबर उजाडला की इथे मिनियापोलिसमध्ये देशी मंडळींच्या गप्पांची गाडी व्हिसा आणि घरांच्या किमतींवरून हळूच टायरवर येते. यंदा त्यात थोडी भर पडली आहे. माझ्या ओळखीतल्या तिघांनी पिकअप ट्रक घेतलाय. (फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून अमेरिकेतला सर्वात जास्त खपणारा ट्रक आहे, मग आपणच मागे का राहायचं?) तिघांचाही प्रश्न एकच: "ऑल-टेरेन टाकतोय. हिवाळा निघून जाईल ना?"

यावर मी विचारतो, "कुठला बर्फ?" मग समोरचा माझ्याकडे असं बघतो, की याला थंडी बाधली बहुतेक.

आपल्या मराठीची इथे जरा पंचाईत होते. आकाशातून कापसासारखा पडतो तोही बर्फ आणि उसाच्या रसात टाकतात तोही बर्फच. हिम वगैरे शब्द आहेत, पण ते पुस्तकात. बोलताना कोण म्हणतं? टायरच्या दृष्टीने मात्र या दोन पार वेगळ्या वस्तू आहेत. सोयीसाठी पहिल्याला आपण भुसा म्हणू आणि दुसऱ्याला काच.

भुशात ऑल-टेरेन टायर खरंच छान चालतो, त्याबद्दल वाद नाही. त्याचे रबरी ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा रुंद. चिखल आणि खडीसाठी केलेली ही रचना भुशातही उपयोगी पडते. खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो आणि बर्फाची बर्फावर पकड रबरापेक्षा चांगली असते. पोरं बर्फाचे गोळे करतात तेव्हा बर्फ बर्फाला चिकटतो, तसंच काहीसं. सकाळी सहा वाजता गल्लीत नांगर फिरलेला नसताना असा ट्रक रुबाबात बाहेर पडतो आणि शेजाऱ्याची सेडान ड्राइव्हवेमध्येच चाकं फिरवत बसते. इथवर सगळं खरं.

घोळ पुढे आहे. दुकानदार टायरच्या बाजूवरचं एक चिन्ह दाखवतो: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात एक हिमकण. "हे बघा, सिव्हिअर स्नो रेटेड!" चिन्ह खोटं नसतं. अमेरिकन आणि कॅनेडियन रबर उद्योगाच्या संघटनांनी ते १९९९ मध्ये आणलं. त्याआधी नुसतं 'एम+एस' लिहिलेलं असायचं, ज्याचा अर्थ खाचांची भूमिती अमुक प्रकारची आहे एवढाच. चाचणी वगैरे काही नाही. डोंगरवाल्या चिन्हामागे निदान चाचणी आहे. पण त्या चाचणीत काय मोजतात? दाबलेल्या बर्फावर टायर गाडीला पुढे किती जोरात ओढतो, ते. ठराविक संदर्भ-टायरपेक्षा साधारण १० टक्के सरस ठरला की चिन्ह मिळालं. ब्रेक लावून थांबणं त्यात नाही, वळणं नाही, आणि काच तर अजिबातच नाही.

म्हणजे युनिट टेस्ट पास झाली म्हणून थेट प्रॉडक्शनला सोडण्यातला प्रकार. टेस्ट बरोबर आहे, पण तिने तपासलेलं फंक्शन तुमच्या कामाचं नाही.

कारण ऑफिसला जाणाऱ्या माणसाला मिनियापोलिसमध्ये भुसा फारसा भेटतच नाही. आय-९४ आणि आय-४९४ वरचे नांगर रात्रभर फिरत असतात, भुसा सकाळपर्यंत बाजूला गेलेला असतो. भेटते ती काच. मीठ टाकतात, पण साधारण उणे ९ सेल्सिअसच्या खाली साध्या मिठाचा जोर ओसरतो, आणि इथे जानेवारीचं सरासरी तापमानच त्याच्या आसपास असतं. शिवाय कडाक्याच्या थंडीत सिग्नलला उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या धुरातली वाफ रस्त्यावर गोठते. म्हणजे जिथे सगळ्यांना थांबायचं आहे नेमकी तिथेच रोज सकाळी ताजी काच तयार होते. दिसत नाही, डांबर ओलं असल्यासारखं वाटतं फक्त.

आता थोडा हिशोब, बारावीच्या फिजिक्समधला. ताशी ३० मैल वेग, म्हणजे सेकंदाला साधारण १३.४ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर गाडी सुमारे साडेअकरा मीटरमध्ये थांबते. काचेवर तो ०.१ धरा: ९० मीटरच्या वर. टायर जरा बरा असला आणि ०.१५ मिळाला तर सुमारे ६० मीटर. हे आकडे पाठ्यपुस्तकी आहेत, कुठल्या ब्रँडचे नाहीत, पण मुद्दा कळावा. घर्षणांकातल्या ०.०५ च्या फरकाने तीस मीटर वाचतात. तीस मीटरमध्ये अख्खा चौक बसतो.

आणि या समीकरणात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. "आपला ट्रक जड आहे, चिकटून राहतो," असं म्हणणाऱ्यांनी हे कागदावर एकदा करून बघावंच. दोन-सव्वादोन टनांची गाडी लवकर थांबत नाही. ती घसरत जाऊन आदळली तर समोरच्या कोरोलातल्या माणसाला तिचं वस्तुमान जाणवतं, एवढंच. त्या तिघांपैकी एक जण रोज मुलीला मागच्या सीटवर बसवून डे-केअरला सोडतो. त्याला मी सांगितलं, तुझ्या ट्रकमध्ये ती बऱ्यापैकी सुरक्षित आहे, पण समोरच्या गाडीतही कुणाची तरी मुलगी असते.

फोर-व्हील-ड्राइव्हचंही तेच. ते सुटायला मदत करतं. थांबताना जगातल्या प्रत्येक मोटारीला चारही चाकांचे ब्रेक असतातच! उलट, फोर-व्हीलने सहज वेग घेता येतो म्हणून रस्ता निसरडा आहे हे कळायलाच उशीर होतो. पिकअपमध्ये त्यात आणखी एक भर: मागचा हौदा रिकामा, मागची चाकं हलकी. लोक वाळूच्या गोण्या टाकतात, बरोबर मागच्या ॲक्सलवर. सुटताना फायदा होतो. थांबण्याचं अंतर त्याने कमी होईल अशी आशा मात्र ठेवू नये. (आणि गोण्या नीट बांधा, नाहीतर अपघातात त्याच पुढे येतात.)

काचेवर टायरला हवं काय? मऊ रबर आणि असंख्य बारीक चिरा. साधं रबर ७ सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं मिश्रण कडाक्यातही लवचिक राहील असं बनवलेलं असतं. ऑल-टेरेनचं मिश्रण दगडांनी कापलं जाऊ नये म्हणून चिवट ठेवावं लागतं. दोन्ही एकाच रबरात पूर्णपणे जमत नाही, हा काही कंपन्यांचा दोष नाही. ब्लिझॅक किंवा हाक्कापेलिट्टा यांसारखे टायर उन्हाळ्यात लोण्यासारखे झिजतात ते याच कारणाने. (खिळ्यांच्या टायरचा विचार करत असाल तर सोडून द्या. मिनेसोटात सर्वसामान्य रहिवाशांना त्यांची बंदी आहे.)

म्हणून माझं मत: उपनगरातून डाउनटाऊनला जाणाऱ्याने पिकअपलाही वेगळे हिवाळी टायर घ्यावेत, स्टीलच्या रिमवर बसवून. हजार डॉलरच्या वर खर्च येतो हे मान्य. पण हिवाळ्यात एक सेट झिजतो तेव्हा दुसरा गॅरेजमध्ये विश्रांती घेतो. टायरचा खर्च दुप्पट होत नाही, थोडा आधी होतो. रिमचे पैसे तेवढे जास्तीचे. इन्शुरन्सचा एक डिडक्टिबल त्याच घरात जातो.

ऑल-टेरेन कुणी घ्यावा? ज्याचं घर खडीच्या रस्त्यावर आहे, जिथे नांगर दुपारी येतो, जो शनिवार-रविवारी डुलूथच्या वर केबिनला जातो त्याने. किंवा ज्याच्याकडे अपार्टमेंटमध्ये चार टायर ठेवायला जागाच नाही त्याने. (काही दुकानं पैसे घेऊन टायर ठेवून घेतात, हेही विचारून बघा.) क्वेबेकमध्ये हिवाळी टायरची सक्ती आहे, १ डिसेंबर ते १५ मार्च, आणि तिथेही डोंगराचं चिन्ह असलेला ऑल-टेरेन कायद्याला चालतो. पण कायद्याला चालणं वेगळं आणि सिग्नलला थांबणं वेगळं.

घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी बघा. एक, टायरच्या साइझपुढे 'एलटी' आहे का. हाफ-टन ट्रकला दुकानदार हमखास जाड, दहा प्लायचा एलटी टायर गळ्यात मारतो. तो जड असतो, कडक असतो, त्याला हवा जास्त लागते. ऑफिसला लॅपटॉप आणि डबा नेणाऱ्याला तो कशाला? कंपनीने मूळ दिलेल्या साइझचा साधा टायर घ्या, आणि रुंदी वाढवू नका. भुशात अरुंद टायर खाली रस्त्यापर्यंत पोचतो, रुंद टायर वर तरंगतो. दिसायला रुंदच भारी दिसतो, त्याला माझा इलाज नाही. दुसरं, वॉरंटीच्या ६०,००० मैलांवर जाऊ नका. ते मैल २/३२ इंच खोली उरेपर्यंतचे असतात. भुशातली पकड ५-६/३२ च्या आसपासच निरोप घेते, त्यामुळे हिवाळ्यापुरता टायर बराच आधी संपलेला असतो.

हवेचंही बघा. दर १० अंश फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय उतरतो. ऑक्टोबरात ६० अंशांवर ३५ भरलेली हवा जानेवारीत उणे १० ला २८ च्या आसपास येते. (विंड चिलचा आकडा इथे धरू नका, तो आपल्या कातडीसाठी आहे. टायरला वाऱ्याने आणखी थंडी वाजत नाही.)

त्या तिघांपैकी एकाने हिवाळी टायर बुक केलेत, एकाने ऑल-टेरेनच घेतले, आणि डे-केअरवाला अजून रिव्ह्यू वाचतोय. त्याला म्हटलं, दिवाळीच्या आसपास उरकून टाक. पहिला बर्फ पडला की दुकानात नंबर लागत नाही, आणि तुझा साइझ तर आधी संपतो.