बोर्डावर नाव ‘पिअर एज्युकेटर’चं, पण त्याच्या पाठीशी कॉलेज उभं आहे का?

कॉलेजचं नवं वर्ष सुरू झालं की नोटीस बोर्डावर याद्या लागतात. एनएसएसची, सांस्कृतिक मंडळाची आणि काही ठिकाणी आता ‘पिअर एज्युकेटर’ची. नाव इंग्रजी असलं तरी काम साधं आहे. छेडछाड, पाठलाग, मोबाईलवरून दिला जाणारा त्रास, घरातली मारहाण याबद्दल आपल्याच वयाच्या पोरापोरींशी बोलायचं आणि त्रास झाला तर कुठं जायचं ते सांगायचं. पगार नाही, स्वेच्छेचं काम.

शहरापेक्षा तालुक्याच्या कॉलेजात या कामाची गरज जास्त आहे. खेड्यातून एसटीनं येणारी मुलगी मॅडमकडे सहजासहजी जात नाही. मॅडम कुणाच्या तरी नात्यातल्या निघतात, सर वडिलांच्या ओळखीचे. गोष्ट घरी पोचली की त्रास देणाऱ्याला कुणी विचारत नाही. पोरीचंच कॉलेज बंद होतं आणि स्थळं बघायला सुरुवात होते. ही भीती उगाच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या महिलांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं आढळलं. म्हणून मुलगी पहिल्यांदा सांगते ते बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला. त्या मैत्रिणीला पुढचा रस्ता माहीत असणं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

गडबड पुढं होते. बऱ्याचदा एका दिवसाचं शिबिर, पाहुण्यांचं भाषण, फोटो, प्रमाणपत्र, की झाला पिअर एज्युकेटर तयार. कॉलेजच्या अहवालात उपक्रम चढतो. पण तक्रार घेणारी समिती कुठं बसते, तिच्यात कोण आहे, हे त्या पोरांनाच माहीत नसतं.

ही समिती कॉलेजच्या मर्जीवर नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्ष महिला प्राध्यापक, निम्म्या तरी सदस्य महिला, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची. २०१३ च्या मूळ कायद्यात समितीच न नेमणाऱ्याला ५० हजारांपर्यंत दंड आहे. या कायद्याची वाट १९९७ च्या विशाखा निकालानं मोकळी केली, आणि त्या निकालामागं होती राजस्थानातल्या एका खेड्यातली भंवरी देवी. गावपातळीवर साथिन म्हणून काम करताना तिनं बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला होता आणि त्याची किंमत मोजली होती. म्हणजे हा कायदा शहरातल्या ऑफिसांचा, असं समजायचं कारण नाही.

समिती कागदावरच असेल, तर सगळा भार १९-२० वर्षांच्या पोरीवर येतो. मग ती गावात जे पाहिलंय तेच करते: दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’. यात नुकसान तक्रार करणारीचंच. मिटवणं हे स्वयंसेवकाचं काम नाही, आणि त्या पोराला जाऊन जाब विचारणं तर अजिबात नाही. ऐकून घ्यायचं, तारीख-वार लिहून ठेवायला सांगायचं, मेसेज डिलीट करू नकोस म्हणायचं, समितीपर्यंत सोबत जायचं. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा नाही. तक्रारदाराची ओळख उघड करायला याच कायद्याच्या कलम १६ नं बंदी आहे, पण तालुक्याच्या गावात बातमी संध्याकाळपर्यंत तीन वाड्या फिरून येते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

एक मुद्दा शिबिरांत सुटायला नको. त्याच आवारात अकरावी-बारावीही भरते. ती पोरं बहुतेक १८ च्या आतली. त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. कळलेली व्यक्ती स्वतः १८ च्या आतली असेल तरच त्यातून सूट. म्हणून ‘कुणाला सांगणार नाही, शप्पथ’ असा शब्द आधीच देऊन बसू नये. हे जर पोरीला पहिल्याच दिवशी सांगितलं नाही, तर कॉलेज तिला अडचणीत ढकलतंय असंच म्हणावं लागेल.

दुसरी अडचण रस्त्याची. आयोगाचे नियम कॉलेजच्या आवाराला आणि कॉलेजनं पुरवलेल्या गाडीला लागू होतात. त्रास मात्र बऱ्याचदा एसटी स्टँडवर, फाट्यावर आणि भरलेल्या बसमध्ये होतो. तिथं ‘हे आमच्याकडं येत नाही’ असं उत्तर मिळू शकतं. मग ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे. पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, मग तो रस्त्यावर असो की मोबाईलवर.

यादीत मुलं किती, हेही बघायला हवं. अनेकदा हा विषय ‘मुलींचा’ म्हणून मुलींच्याच गळ्यात पडतो. मुंबईतली १९९३ पासून काम करणारी ‘मावा’ ही संस्था नेमकं उलट करते. तिनं २००६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘युवा मैत्री’ हा उपक्रम सुरू केला. त्यात कॉलेजातल्या पोरांना तयार करून त्यांनी इतर पोरांशी बोलायचं, अशी पद्धत आहे. स्टँडवर शिट्टी मारणाऱ्याला मॅडमच्या भाषणापेक्षा त्याच्याच कट्ट्यावरचा मित्र ‘बास कर’ म्हणाला तर जास्त लागतं.

राहिला वेळेचा प्रश्न. एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातले काही तास या प्रशिक्षणाला देता येतील, वेगळा खर्चही नको. पण तास संपल्यावर चारनंतर वर्ग ठेवला, की गावाकडं जाणारी एसटी निघून जाते. मग थांबतात त्या तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मुली, आणि ज्या बसमध्ये मैत्रिणीची गरज आहे, तिच्यात प्रशिक्षण घेतलेली एकही नसते. हा वर्ग दुपारच्या सुट्टीला जोडून ठेवायचं प्राचार्यांनी ठरवलं, तर याच आठवड्यात होऊ शकतं.