एक रुपयाचं तिकीट

7 जुलै 1896. मुंबईत, काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात हिंदुस्थानातला पहिला सिनेमा दाखवला गेला. तिकीट एक रुपया. त्या काळी हमालाला एक अख्खा रुपया बघायचा तर दिवसच्या दिवस पाठ मोडावी लागायची. तेव्हा आत कोण बसलं असेल आणि बाहेर कोण राहिलं असेल, हे सांगायला इतिहासाचा प्रोफेसर नको.

गंमत पुढे आहे. त्या दिवशी दाखवलेले सहाही लघुपट होते, एकेक जेमतेम मिनिटाचा. त्यातल्या एकात होते कारखान्यातून सुटलेले कामगार. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या बाया-बाप्ये काम सुटल्यावर दरवाज्यातून बाहेर पडताहेत, बस्स एवढंच. कारखाना ल्युमिए बंधूंचा, दरवाजा त्यांचा, कॅमेराही त्यांचाच. म्हंजे सिनेमा जन्मला तेव्हाच पडद्यावर कामगार होता. कॅमेऱ्यामागे मालक होता आणि खुर्चीत रुपयावाला.

मी गोदीत कंत्राटी पाळ्या करतो. पाळी सुटली की आमचाही लोंढा असाच गेटातून बाहेर पडतो. उद्या कुणी त्याची फिल्म काढली तर तिचा पहिला खेळ कुठे व्हावा? गळ्यात पट्टे लटकवलेल्या फेस्टिवलवाल्यांसमोर, की आमच्या गल्लीत, जिथे एखादं पोरगं मधेच उठून बोंबलेल, "आयला, आमचा बाप!"

आमच्या वस्तीत आम्ही काही पोरं रविवारी रात्री लघुपट दाखवतो. फुकट. भिंतीला चुना, उसना प्रोजेक्टर, जयंतीचे स्पीकर. पुढे पोरं, मधे बाया, कडेला बिडी फुंकणारे बाप्ये. त्यावर आपल्यातल्याच शहाण्यांनी तोंड सोडलंय. त्यांना उत्तर देणं भाग आहे.

पहिला शहाणा म्हणतो, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आहे, भिंत कशाला पांढरी करता? बाबा रे, मोबाइलवर तू एकटा असतोस. पुढे काय बघायचं ते कंपनीचं यंत्र ठरवतं, आणि अंगठा पुढे सरकला की मेलेला माणूसही सरकून जातो. भिंतीवर बघताना शेजारची म्हातारी रडते ते तुला ऐकू येतं. फिल्म संपल्यावर तिच्याकडे बघावं लागतं. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. आनंद पटवर्धनने चौदा वर्षं खपून 'जय भीम कॉम्रेड' केला. तीन तासांवर चालणारी फिल्म. 2012 च्या जानेवारीत ती भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवली गेली. ज्यांचं दुःख त्यांच्याच चौकात. हातातल्या पाच इंचांत ते मावतं काय?

दुसरा शहाणा म्हणतो, पोरांना असलं दाखवू नका, मनावर परिणाम होतो. सरकारलाही पोरांची काळजी आहे. 1952 चा सिनेमॅटोग्राफ कायदा 2023 ला दुरुस्त केला, आणि आता दाखल्यावर नवे खण आहेत: सात वर्षांवरचे, तेरावरचे, सोळावरचे. असू देत. मारामारी आणि नागड्या बाया आम्हीही पोरांना दाखवत नाही. पण उघडं गटार कितव्या वर्षापासून बघावं, याचा दाखला कोण देतो? आमची पोरं ते रांगायला लागल्यापासून बघतात.

नागराज मंजुळेचा 'पावसाचा निबंध' घ्या, 2017 चा. शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगितलाय, आणि घरी पाऊस छपरातून आत शिरलाय. पाठ्यपुस्तकातला पाऊस कायम हिरवागार, मोर नाचवणारा. आमच्या पोरांनी पहिल्यांदा बघितलं की गळक्या घरातला पाऊसही पाऊसच असतो, आणि तो आपल्याला मास्तरपेक्षा जास्त ठाऊक आहे. किंवा त्याचाच 'पिस्तुल्या' घ्या, पंधरा मिनिटांचा. शाळेची भूक लागलेलं पोरगं आणि त्याला चोरीकडे ढकलणारी गरिबी. 2010 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचं बक्षीस मिळालं त्याला. हे पोरांसाठीचे लघुपट की मोठ्यांसाठीचे? मला विचाराल तर बापाने आणि पोराने एकाच सतरंजीवर बसून बघायचे. आमचा एक नियम आहे. फिल्म संपली की आधी पोरं बोलतील, मग बाया, सगळ्यात शेवटी कार्यकर्ते. कार्यकर्ता आधी बोलला की फिल्म मरते आणि भाषण उरतं.

तिसरा शहाणा सगळ्यात डेंजर. तो म्हणतो, फुकटाला किंमत नसते, एखादा दाता धरा. दाता आपणहून आलासुद्धा. मोठा पडदा देतो म्हणाला, खुर्च्या देतो, वडापाव देतो. फक्त पडद्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे बॅनर, आणि घरं पाडण्यावरच्या फिल्मा "जरा बाजूला ठेवा". आम्ही हात जोडले.

दोस्तहो, लोकांकडे लोकांच्या बळावर जायचा रस्ता आपल्याला नवा नाही. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे वस्त्यावस्त्यांत बाबासाहेबांचा विचार घेऊन गेले. 1944 ला अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. सिनेमातही असं झालंय. केरळात 1984 साली जॉन अब्राहम आणि त्याच्या दोस्तांनी ओडेसा मंडळ काढलं, ढोल वाजवत गावोगाव लोकांकडून पैसा गोळा केला आणि त्यातून 1986 ला 'अम्मा अरियान' पुरा केला. गोरखपुरात 2006 पासून 'प्रतिरोध का सिनेमा'वाले कुठल्या कंपनीचा पैसा न घेता फेस्टिवल भरवतात. तेव्हा दात्यावाचून अडतं हे आम्हाला सांगू नका.

पण एक गोष्ट आपल्याच कानात ओरडून सांगायला हवी. बघणाऱ्याला फुकट म्हंजे करणाऱ्यालाही फुकट, असं नाही. लघुपट काढणारं पोरगं कॅमेरा भाड्याने आणतं, रात्र रात्र एडिटिंग करतं, कर्ज काढतं. तोही मजूरच. त्याला न विचारता त्याची फिल्म उतरवून दाखवणं ही मजुरी बुडवणं झालं. आमची मजुरी मुकादम बुडवतो तेव्हा आम्ही त्याची कॉलर धरतो. म्हणून आधी परवानगी, आणि खेळ संपल्यावर डबा फिरवायचा. ज्याला जमेल त्याने टाकावं, नाही टाकलं तर कुणी डोळे वटारू नयेत. दहा रुपये जमले तर दहा, पण ते त्याला पोचले पाहिजेत.

आणि घाई करा. भिंती संपत चालल्यात. 2025 साली वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना टॉवरातल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पक्कं घर आणि घरात संडास, हा आपला हक्कच. पण दोन चाळींमधला चौक कुठल्या मजल्यावर मिळणार? टॉवरात भिंत सोसायटीची, गच्चीला कुलूप, मोकळ्या जागेत गाड्या. चौक गेला की जलसाही गेला, सभाही गेली, सिनेमाही गेला. म्हणून नकाशावर सही करण्याआधी विचारा, पन्नास-शंभर माणसं एकत्र बसतील अशी जागा कुठे दाखवलीय?

तोवर पुढच्या रविवारी आपापल्या गल्लीत एक भिंत रंगवा. चित्र थोडं फिकट असलं तरी चालेल, आवाज मात्र स्वच्छ हवा. डायलॉग कळले नाहीत की माणसं उठून जातात. खाली इंग्रजी अक्षरं येत असतील तर खणखणीत आवाजाच्या पोरीला माइक द्या, ती मराठीत सांगेल. दुसऱ्या पाळीवाल्यांना बघता येईल अशी वेळ ठेवा. पावसाळ्यात समाजमंदिर उघडा. आणि बघता बघता कुणी पोरगं म्हणालं की माझ्याकडे पण मोबाइल आहे, मी पण काढतो, तर त्याला हसू नका. त्याला विचारा, "पाळी कधी सुटते माहीत आहे ना? गेटावर उभा राहा."

जय भीम.