मसुद्यातील साडी

दिवाळी तोंडावर आली की आमच्या हिंगोलीत शिंप्याइतका मोठा माणूस दुसरा नसतो. एरवी ‘या सर, बसा सर’ म्हणणारा आमचा शिंपी या दिवसांत मान वर न करता ‘पाडव्यापर्यंत बघू’ म्हणतो, आणि आपण ते निमूटपणे ऐकून घेतो. आमच्या जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. शिंप्याच्या घरी एवढा मोठा माणूस जिथे जन्मला, तिथे शिंप्याचा मान राखलाच पाहिजे! तेव्हा यंदाच्या दिवाळी अंकात कपड्यांवरच लिहिले, तर या सदराचे वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. मात्र हे कपडे सणाचे नव्हेत. ते नोकरीवर घालावयाचे आहेत. आणि ते कागदावर बेतण्याचे काम माझ्याकडे आले होते.

झाले असे. राज्याच्या शालेय शिक्षण खात्याने १५ मार्च २०२४ रोजी शाळांतील शिक्षकांच्या पेहरावाविषयी निर्णय काढला. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा घालावा, शिक्षकांनी शर्ट खोचून पँट घालावी, जीन्स-टी-शर्ट नको, गडद रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, असा त्याचा मथितार्थ. हा निर्णय शाळांपुरता होता. पण शेजारच्या घरी पुरणपोळी झाली की आपल्याही घरी व्हावी असे वाटते, तसे आमच्या महाविद्यालयाला वाटले. समिती बसली. आणि मराठीच्या प्राध्यापकाचे दुर्दैव असे की, गावात मानपत्र, शोकसंदेश, लग्नपत्रिका किंवा नियमावली, काहीही लिहायचे असले की तोच सर्वांच्या हाती लागतो. ‘सर, तुमची भाषा चांगली आहे,’ असे म्हणून कागद माझ्यापुढे सरकवण्यात आला.

मी एका बैठकीत मसुदा लिहून टाकला. त्यात एक कलम असे होते : ‘अध्यापिकांनी आपल्या परंपरेस साजेशी साडी परिधान करावी.’ वाक्य मी दोनदा वाचले. ‘साजेशी’ या शब्दावर तर मी खूषच होतो.

तिसऱ्या दिवशी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एक तरुण बाई माझ्या खोलीत आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, ‘‘सर, मसुदा तुम्ही लिहिलात म्हणे. भाषा छान आहे.’’

मी सुखावलो. ‘बसा ना,’ म्हणालो. त्या बसल्या नाहीत.

‘‘मी कळमनुरीहून स्कूटीवर येते, सर. लग्नसराईत एकदा साडी नेसून निघाले, तर पदर चाकात गेला. थोडक्यात वाचले. आणि तासांचे पैसे हातात कधी पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आठवड्याच्या साड्या कुठून आणू?’’

‘‘पण यात शिक्षेचं काही लिहिलेलं नाही,’’ मी म्हणालो.

‘‘तेच तर, सर. तुमच्यासारख्या कायम नोकरीवाल्यांना नोटीस तरी येते. मला काहीच येणार नाही. पुढल्या वर्षी तासांना बोलावणार नाहीत, एवढंच.’’

त्या गेल्या. माझ्या टेबलावर ‘साजेशी’ हा शब्द तसाच पडून होता.

संध्याकाळी मी माझ्या वकील मित्राकडे गेलो. शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो, त्यामुळे फी लागत नाही; बोलणी मात्र बसतात. उन्हाळ्याचे दिवस. स्वारी नुकतीच कोर्टातून आली होती आणि अंगात काळा कोट नव्हता.

‘‘कोट कुठं हरवलास?’’ मी विचारले.

‘‘हरवला नाही. नियमानं काढलाय,’’ तो म्हणाला. ‘‘बार कौन्सिलचा नियमच आहे. सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयं सोडली, तर उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. ज्यानं हा नियम केला त्याला आपल्या मराठवाड्याचं ऊन माहीत असावं. आणि त्याच नियमांत वकील स्त्रियांना साडी चालते, तसा सलवार-कुर्ताही चालतो, दुपट्ट्यासह किंवा दुपट्ट्याविना. न्यायाधीशासमोर जो पोशाख चालतो, तो तुझ्या वर्गात चालू नये? अरे, ज्या शासन निर्णयाकडे बघून तुम्ही हे आरंभलंत, त्यातसुद्धा सलवार-कुर्ता आहे! तू तो वाचला होतास ना?’’

मी वाचला होता. पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे निर्णय नव्हता, माझी आई होती. ती मात्र कधी स्कूटीवर बसली नाही.

मित्राने मग मला जे समजावले ते थोडक्यात सांगतो. कारण कचेरीत, दुकानात, बँकेत जाणारे कोणी ना कोणी आता प्रत्येक घरात असते. कामाच्या जागी नीटनेटके या, असे सांगण्याचा अधिकार मालकाला आहे. त्याबद्दल वाद नाही. आमच्या हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. तिथला गणवेश हा शिस्तीचाच भाग. याच दलातल्या एका जवानाने दाढी राखण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, ती २०१२ साली फेटाळली गेली. हवाई दलातल्या अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दलाची शिस्त आणि एकरूपता यांना महत्त्व दिले. पण महाविद्यालय म्हणजे पलटण नव्हे. २०१४ साली तृतीयपंथीयांच्या हक्कांचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पोशाख हा अभिव्यक्तीचा भाग मानला. या स्वातंत्र्याला मर्यादा घालता येते, पण ती वाजवी असावी लागते.

‘‘वाजवी म्हणजे किती?’’ मी विचारले.

‘‘कामाला लागेल तेवढी,’’ तो म्हणाला. ‘‘१९४८ चा कारखान्यांचा कायदा घे. चालत्या यंत्रापाशी जाऊन काम करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, अशी त्यात अट होती. कारण उघड आहे, सैल कपडा पट्ट्यात गेला की माणूस गेला. आणि पुढची गंमत ऐक. ते कपडे मालकानं पुरवावेत, असं त्याच वाक्यात होतं. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेनं घेतली. पण कायदा करणाऱ्यांनी तेव्हा किती विचार केला होता बघ. आणि तू? तुझ्या नियमानं त्या बाईचा पदर चाकात जायचा आणि साडीचे पैसेही तिचेच!’’

सरकारलाही आपला नियम बदलावा लागतो, हे त्याने सांगितले तेव्हा मला जरा धीर आला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाचे परिपत्रक काढले. जीन्स, टी-शर्ट नको, पायात स्लिपर नको, शुक्रवारी खादी घालावी. कंत्राटी माणसेही त्यात आली. पुढच्याच वर्षी त्यातला जीन्सवरचा निर्बंध निघाला. तिकडे केरळच्या उच्च शिक्षण खात्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्टच कळवले की, अध्यापिकांवर साडीची सक्ती करू नये.

‘‘मग त्या बाईंनी कोर्टात जावं का?’’ मी विचारले.

मित्र हसला नाही. म्हणाला, ‘‘तासावर पोट असलेल्या माणसानं कुठल्या कोर्टात जायचं? पहिल्या तारखेपर्यंत वर्ष सरेल. तिचा न्याय करायचा असेल तर तुझ्या टेबलावर कर. कागद अजून तुझ्याकडेच आहे ना?’’

त्या रात्री मी मसुदा पुन्हा लिहिला. या खेपेस भाषा चांगली झाली नाही. ‘सर्व अध्यापकांचा, स्त्री असो वा पुरुष, पेहराव स्वच्छ व कामास सोयीचा असावा. प्रयोगशाळेत ॲप्रन आवश्यक. तो महाविद्यालयाने द्यावा. कोणाच्या पेहरावाविषयी तक्रार आल्यास आधी त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. केवळ पेहरावावरून कोणाच्या तासिका काढून घेऊ नयेत.’

पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने कागद वाचला आणि म्हणाली, ‘‘हे आधी मला विचारलं असतंत तर वकिलाकडे जावं लागलं नसतं.’’ ती गेली कित्येक वर्षे साडी नेसून एस.टी.च्या पायऱ्या चढते. मी तिला कधीच विचारले नव्हते, हेही खरे.

समितीत एक सभासद म्हणाले, ‘‘सर, पहिला मसुदा अधिक सुंदर होता.’’ ॲप्रनचे कलम खर्चाच्या कारणाने गळाले. म्हणणे ऐकून घेण्याचे कलम बऱ्याच वादानंतर राहिले. साडीची सक्ती गेली. तासिकांच्या कलमावर ‘दिवाळीनंतर विचार करू’ असे ठरले आहे, आणि त्यासाठी मला पुन्हा भांडावे लागणार आहे. बाई अजून कळमनुरीहून स्कूटीवर येतात. दुपट्ट्याला गाठ मारलेली असते. भेटल्या की नमस्कार करतात. ‘दिवाळीनंतरचं काय झालं, सर?’ असे मात्र अजून त्यांनी विचारलेले नाही.

काल शेवटी शिंप्याकडे जाऊन आलो. माझी मागची मापे त्याच्या वहीत होती. तरीही त्याने गळ्यातली टेप काढली.

‘‘वहीत आहे की!’’ मी म्हणालो.

‘‘वही मागल्या सालची हाय, सर,’’ तो म्हणाला, ‘‘हात वर करा.’’

कंबर दोन इंच वाढली होती.