कातडं कोणी सोललं?



आमच्या चाळीतल्या अण्णांचा नातू अमेरिकेत मेम्फिस शहरी नोकरीला आहे. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. मागच्या महिन्यात तो ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेला होता. तिथूनच त्याने फोन लावला आणि भिंतीवरचा मासा दाखवला. लाकडी फळीवर बसवलेला, शेपूट वळवलेला, चंदेरी अंगावर काळे ठिपके. आत्ता उडी मारील असा. खाली पितळी पट्टी. तीवर पकडणाऱ्याचे नाव, तारीख, लांबी १६ इंच, वजन अडीच पौंड.

मुलाची आई म्हणाली, "अगं बाई, एवढा मासा कालवणात घालायचा सोडून भिंतीला कशाला टांगला?" आम्ही सगळे हसलो. अण्णा हसले नाहीत. पंच्याऐंशी वर्षांचा म्हातारा. चष्मा पुसून त्यांनी विचारले, "कातडं कोणी सोललं?"

या माशाला तिकडे क्रॉपी म्हणतात. आपल्याकडे तो नाही. अंगाने उजनी धरणातल्या चिलापीसारखा, चपटा आणि उंच. तोंडाची कातडी कागदासारखी पातळ. घाईने हिसका दिला की ती फाटते आणि मासा गळातून सुटतो. वसंतात पाण्याला ऊब आली की तो अंडी घालायला काठाच्या उथळ पाण्यात येतो. तेव्हा लोक जिवंत बारीक मासळी आमिषाला लावून पहाटेपासून बसतात. नेहमी मिळतो तो अर्ध्या-एक पौंडाचा. दोन पौंडांचा लागला तर दहा जणांना दाखवतात, आणि तीन पौंडांचा लागला तर जन्मभर सांगतात. मेम्फिसच्या दक्षिणेला मिसिसिपी राज्यात एनिड धरण आहे. तेथे १९५७ साली फ्रेड ब्राइट नावाच्या माणसाने ५ पौंड ३ औंसांचा पांढरा क्रॉपी पकडला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. काळ्या क्रॉपीचा विक्रम २०१८ सालचा, टेनेसी राज्यातला, ५ पौंड ७ औंस. (१९५७ साली त्याच मिसिसिपीत काळ्या माणसांना पिण्याच्या पाण्याचा नळसुद्धा वेगळा होता. चवदार तळ्याच्या लेकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.)

आता कोणी म्हणेल, पंचशील घेतलेल्या माणसाने भिंतीची शोभा म्हणून जीव मारलेला का बघावा? प्रश्न रास्त आहे. पण बोंबील-सुकटावर वाढलेल्या माझ्यासारख्याने उगाच सोवळे नेसू नये. खाण्यासाठी मासा धरणे मला समजते. टांगण्यासाठी मारणे मनाला पटत नाही. तिकडेही पुष्कळ लोक आता माशाचा फोटो काढून, लांबी आणि घेर मोजून त्याला परत पाण्यात सोडतात आणि त्या मापावर फायबरग्लासचा मासा करून घेतात. हे मला बरे वाटले.

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर नातवाने यजमानाला विचारून सांगितले. हा मासा खऱ्या कातडीचा. पकडल्यावर त्याचे पोट फाडायचे नाही. रंग मेल्याबरोबर उडू लागतात म्हणून आधी फोटो काढायचा. मग ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून बर्फात ठेवायचा. पुढचे काम पेंढा भरणाऱ्याचे. पेंढा आपण म्हणतो. आत असतो हलक्या फोमचा कोरलेला साचा. तो कारागीर चीर देऊन अखंड कातडी उतरवतो, डोके आणि पर तिलाच ठेवतो. मांस आणि चरबी कणकण खरवडतो, टिकण्यासाठी औषध लावतो, साच्यावर कातडी ताणून शिवतो. पर पसरून टाचण्या लावून वाळवतो. वाळलेली कातडी मळकट तपकिरी होते. मग फोटो बघत ठिपका न् ठिपका पुन्हा रंगवायचा. डोळा काचेचा. मजुरी इंचावर, आगाऊ रक्कम घेऊन. लोक त्याला कलावंत म्हणतात आणि त्याच्या दुकानात नंबर लावून महिनोन्महिने थांबतात.

या कलेचा एक मास्तर आपल्या वाचकांना माहीत असावा. जॉन एडमनस्टन हा दक्षिण अमेरिकेतल्या डेमेरारा इथला, म्हणजे आजच्या गयाना देशातला, काळा गुलाम. मालकाकडे येणाऱ्या चार्ल्स वॉटरटन नावाच्या गोऱ्या साहेबाने त्याला पक्ष्यांची कातडी उतरवून भरायला शिकवले. पुढे मालकाबरोबर तो स्कॉटलंडला आला, स्वतंत्र झाला, आणि एडिंबर्गमध्ये या कसबावर पोट भरू लागला. १८२६ साली डॉक्टरी शिकणारा एक सतरा वर्षांचा पोरगा त्याच्याकडे शिकायला गेला. रोज एक तास, दोन महिने. फी एक गिनी. त्या पोराचे नाव चार्ल्स डार्विन. पुढे बीगल जहाजाच्या प्रवासात पक्ष्यांची कातडी टिकवताना हीच विद्या त्याच्या कामी आली.

गंमत बघा. वॉटरटन साहेबाने पुस्तकात लिहून ठेवले की जॉनला बुद्धी कमी, त्याच्या डोक्यात काही घुसवायला फार वेळ लागला. डार्विनने आत्मचरित्रात लिहिले की माणूस मनमिळाऊ आणि बुद्धिमान, त्याच्याजवळ बसायला आपण नेहमी जात असू. माणूस एकच! मात्र डार्विननेही त्याचे नाव लिहिले नाही. ते पुढे अभ्यासकांनी शोधून काढले.

हे मी अण्णांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग बोलू लागले. त्यांचे वडील गावची मेलेली ढोरे ओढीत. रात्री कंदील धरायला लहानग्या अण्णांना नेत. "माझ्या बापाच्या सुरीनं कातड्याला कधी भोक पडलं नाही," अण्णा म्हणाले. "पर इंचाला कोन देतंय? खळ्यावरचं बलुतं आन् दारादारची शिळी भाकर. आन् वरून इटाळ."

१९५६ साली अण्णांचे वडील नागपूरला जाऊन आले आणि त्यांनी सुरी आडात टाकली. गावाने दुकान बंद केले, गिरणी बंद केली, तेव्हा हे कुटुंब मुंबईला आले. मी हिशेबाचा माणूस, म्हणून मला बाबासाहेबांचे १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. ढोरे ओढायचे सोडले तर कातड्या-शिंगांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब मांडणाऱ्यांना बाबासाहेबांनी सुनावले होते की एवढा फायदा आहे तर ढोरे तुम्हीच ओढा आणि उत्पन्नही तुम्हीच घ्या. कातडे वाईट नव्हते, कसब तर मुळीच नव्हते. जन्माबरोबर ते गळ्यात बांधले होते आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

मागच्या रविवारी अण्णांनी तो मासा पुन्हा बघायला मागितला. नातवाने फोटो पाठवला. अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, बोटाने फोटो मोठा करून पोटाकडून शेपटीकडे गेले.

"चीर कुठं दिलीया?"

"भिंतीच्या बाजूला, आजोबा. दिसत नाही."

"बराबर," अण्णा म्हणाले. "हात चांगला हाय गड्याचा. नाव काय त्याचं?"

पितळी पट्टीवर ते नव्हते. येत्या रविवारी विचारून सांगतो, असे नातू म्हणाला आहे.