अंधेरीचा पेला आणि मालवणीचा

शनिवारी सायंकाळी अंधेरी पश्चिमेतील मद्यगृहांत तरुणांची गर्दी होते. लहान उत्पादकांनी आंबवून काढलेली ताजी बिअर हे तेथले आकर्षण. ‘डूलाली’ने हा उद्योग 2009 मध्ये पुण्यात आरंभला आणि 2015 मध्ये अंधेरीस आणला. (हे नाव मूळ आपल्या देवळालीचे! तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून भ्रमिष्ट झालेल्या गोऱ्या शिपायांमुळे ते इंग्रजीत वेडाचे विशेषण झाले.)

त्याच 2015 च्या जूनमध्ये, अंधेरीहून थोडीच स्थानके पुढे, मालाडच्या मालवणी वस्तीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे दगावली. ती बहुतांशी हातावर पोट असणारी होती.

1949 चा दारूबंदी कायदा आजही जिवंत आहे. पिणाऱ्यास परवाना लागतो, हे अंधेरीत क्वचितच कोणास आठवत असेल. याच कायद्याखालील नियम बिअरसाठी 21 व कडक मद्यासाठी 25 वर्षे वयाची अट घालतात. म्हणजे बिअर सौम्य आहे, हे शासनास मान्य आहे. किंमत मात्र उलट सांगते. मजुराला तेवढीच नशा देशी दारूत पुष्कळ स्वस्त पडते, हातभट्टीत त्याहूनही. यावर उपाय म्हणून देशीवरील कर वाढवावा असे नव्हे. तसे केल्यास गिऱ्हाईक थेट हातभट्टीकडे वळेल. सौम्य बिअरवरील कर उतरवावा, हे अधिक शहाणपणाचे. त्याने पिणारे वाढतील ही शंका निराधार नाही, काही वाढतीलही. तथापि मालवणीच्या गुत्त्यावर जाणारा मजूर काही बिअर स्वस्त झाली म्हणून पिऊ लागलेला नव्हता.